हँडलचं टेबल मोटरवर न्यायचंय? कोड नंतर, आधी थांबायचं बघा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला इंदिरानगरात फ्लॅट, १२० बाय ६० सेंटीमीटरचं, हँडल फिरवून वर-खाली होणारं दोन पायांचं टेबल, त्यावर दोन मॉनिटर. हँडल फिरवायचा कंटाळा, त्यामुळे टेबल महिनोन्‌महिने एकाच उंचीवर पडून आहे. हाताशी भंगारातली, गाडीच्या वायपरची मोटर, एक आर्डुइनो नॅनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड) आणि एल२९८एन ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारी चिप) आहे. हवीत दोन बटणं, एक बसायचं आणि एक उभं राहायचं. दाबलं की टेबल आपोआप त्या उंचीला जावं. विचारलंय ते इतकंच, की एल२९८एन पुरेल का आणि कोड कुठे मिळेल.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, नाही पुरणार. त्या चिपची क्षमता एका चॅनेलला जेमतेम २ अँपिअर, आणि स्वतःच दोनेक व्होल्ट खाऊन बसते. वायपर मोटर सुटतानाच तिचा जीव घेईल. कोड मात्र शंभर ओळींच्या आत होतो, त्याची काळजी सगळ्यात शेवटी करा. मी बावीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि घरी असंच एक टेबल मोटरवर केलंय. त्या अनुभवावरून सांगतो, टेबल हलवणं सोपं आहे. ते थांबवणं, आणि थांबवायला हवं हे त्याला कळणं, यातच सगळं काम आहे.

आता तुमच्या टेबलाचं मला न दिसणारं बरंच काही आहे. आतल्या स्क्रूचा आटा किती, दोन पायांना जोडणारा शाफ्ट षटकोनी आहे की चौकोनी, गियरबॉक्स प्लॅस्टिकचा की धातूचा, यावर पुढचं बरंच बदलतं. म्हणून माझे आकडे तसेच उचलू नका. मोजायची पद्धत घ्या.

मोजायला दोनच गोष्टी लागतात, मोजपट्टी आणि प्रवासाची बॅग तोलायचा तो छोटा डिजिटल काटा. टेबलावर रोजचं सगळं सामान ठेवा, मॉनिटर, पुस्तकं, स्पीकर, काही काढू नका. टेबल १० सेंटीमीटर वर जायला हँडलचे किती फेरे लागतात ते मोजा. माझ्याकडे २५ लागले, म्हणजे फेऱ्याला ४ मिलिमीटर. मग काट्याचा हुक हँडलच्या मुठीत अडकवा आणि हँडलच्या दांड्याशी काटकोनात ओढा. टेबल वर सुटतानाचा आकडा एक आणि फिरत असतानाचा दुसरा. माझे आले १.२ किलो आणि ०.८५ किलो; दांडा १३ सेंटीमीटरचा. गुणाकार केला की सुटताना साडेपंधरा किलो-सेंटीमीटर आणि चालताना अकरा. न्यूटन-मीटरमध्ये हवं असेल तर दहाने भागा, चूक नगण्य आहे.

हाच हिशोब कागदावरही जुळतो. सामानासकट ५० किलो, फेऱ्याला ४ मिलिमीटर, आणि अशा स्क्रूची कार्यक्षमता धरा ३० टक्के; उत्तर एका न्यूटन-मीटरच्या आसपासच येतं. बाकीची ७० टक्के मेहनत घर्षणात जाते. ती वाया जाते असं मात्र समजू नका. हँडल सोडल्यावर टेबल धप्पकन खाली बसत नाही, ते त्या घर्षणामुळेच. ही परीक्षा आधीच करा. टेबल वर न्या, हँडल सोडा, दोन्ही हातांनी वरून दाबा आणि थोडं हलवा. हँडल आपणहून उलटं सरकलं तर तुमचा स्क्रू स्वतःला धरून ठेवत नाही आणि मोटर वर्म गियरचीच (म्हणजे बाहेरून ढकलून उलटी न फिरणाऱ्या गियरची) घ्यावी लागेल. सरकलं नाही तरी मी वर्मचीच घेईन.

मोटर निवडताना सुटतानाच्या आकड्याच्या दुप्पट धरा. माझ्या बाबतीत ३० किलो-सेंटीमीटर, म्हणजे ३ न्यूटन-मीटर. वेगाच्या मागे लागू नका. बसायला ७२ आणि उभं राहायला १०६ सेंटीमीटर ही माझ्या टेबलाची उंची, म्हणजे ३४ सेंटीमीटरचा प्रवास, ८५ फेरे. मिनिटाला ७० फेऱ्यांनी सव्वा मिनिट लागतं. बाजारातली मोटरवाली टेबलं याच्या कितीतरी पट भराभर जातात हे खरं, पण त्यांचा स्क्रू, गियर, सगळं त्यासाठी बनवलेलं असतं. आपलं टेबल हाताने फिरवण्यासाठी बनवलंय. माणूस फिरवतो त्याच्या फार पुढे गेलात तर प्लॅस्टिकच्या दात्यांचा भुगा खाली पडलेला दिसेल.

आता तुमची वायपर मोटर. ताकदीला ती भरपूर आहे, तो प्रश्नच नाही. अडचण वेगळी आहे. बऱ्याच वायपर मोटरींची निगेटिव्ह बाजू थेट बॉडीला जोडलेली असते, कारण गाडीत बॉडी म्हणजेच निगेटिव्ह. गाडीत तिला उलटं फिरवायचं नसतं, वायपरचं मागे-पुढे होणं बाहेरच्या दांड्या करतात. तुम्हाला मात्र टेबल खाली आणायला पोलॅरिटी उलटवावी लागेल, आणि तेव्हा मोटरची बॉडी पॉझिटिव्ह होणार. ती बसवलीय लोखंडी फ्रेमवर, फ्रेमला टेकलाय मॉनिटरचा स्टँड किंवा केबलचं धातूचं टोक, की शॉर्ट व्हायची भीती. मल्टीमीटर बझरवर ठेवून बॉडी आणि प्रत्येक वायर तपासा. बझर वाजला तर मोटरच्या पायाखाली नायलॉनची पट्टी आणि बोल्टला नायलॉनचे बुश हवेत, कपलिंगही (मोटर आणि शाफ्ट जोडणारा तुकडा) मधे रबर असलेलंच हवं.

इतकं करण्यापेक्षा मी गाडीच्या काचेची, पॉवर विंडोची मोटर वापरली. ती मुळातच दोन्ही बाजूंनी फिरायला केलेली, सहसा बॉडीपासून अलग, वर्म गियरची आणि भंगारात मिळणारी. दोन तोटे आहेत. पहिला म्हणजे तिचं तोंड विचित्र असतं, कुठे दातेरी चाक तर कुठे प्लॅस्टिकचा तीन पाकळ्यांचा खाचा. त्यात बसणारा तुकडा टर्नरकडून करून घ्यावा लागतो. दुसरा, ती काही सेकंद चालण्यासाठीच बनवलेली असते आणि तापली की आतला संरक्षक तिला बंद करतो. दिवसात चार-पाच वेळा वर-खाली करण्याला काही होत नाही. पण माझ्याकडे पाहुणे आले, मेहुण्याला दाखवलं, मग त्याच्या मुलाला, मग शेजारच्यांना, आणि चौथ्या खेपेला टेबल छातीच्या उंचीवर जाऊन गप्प बसलं. वीस मिनिटांनी थंड झाल्यावर निमूट खाली आलं. सौभाग्यवतींनी तोवर चहा उभ्यानेच दिला.

कपलिंगवर पैसे वाचवू नका. हँडल जिथे बसतं तो षटकोन मोजा. अ‍ॅलन कीचा सरळ तुकडा त्यात चपखल बसत असेल तर निम्मं काम झालं. त्याचं दुसरं टोक लव्हजॉय कपलिंगच्या अर्ध्या भागात, उरलेला अर्धा मोटरकडे, मधे रबरी स्पायडर. मोटर आणि शाफ्ट हाताने केलेल्या ब्रॅकेटवर कधीच एका रेषेत येत नाहीत, ती अर्ध्या मिलिमीटरची चूक स्पायडर पोटात घेतो. कडक कपलिंग घातलंत तर टेबल प्रत्येक फेऱ्याला कुरकुर करेल आणि रात्री अकरा वाजता खालच्या मजल्यावरचे वर येतील. ग्रब स्क्रू, म्हणजे कपलिंग शाफ्टवर पकडणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, नुसता गोल शाफ्टवर आवळू नका, शाफ्टला फाइलने सपाट करून त्यावर आवळा. हे मी का सांगतोय ते पुढे कळेल.

आता थांबवण्याकडे येतो.

एक न्यूटन-मीटर म्हणजे फार नाही, दोन बोटांनी बाटलीचं घट्ट झाकण फिरवतो तेवढंच. पण फेऱ्याला ४ मिलिमीटरच्या स्क्रूवर मोटरने एक न्यूटन-मीटर जादा लावला, तर ३० टक्के कार्यक्षमता धरूनही टेबल आणखी ४५ ते ५० किलोने दाबतं. काचेची मोटर अडकली की आठ-दहा न्यूटन-मीटरपर्यंत जाऊ शकते. करा गुणाकार. टेबलाची कड आणि खिडकीचा कठडा यांच्यामध्ये लहान मुलाची बोटं आली तर काय होईल, हे मी लिहीत नाही.

यावर सगळे सांगतात, करंट मोजा. अडथळा आला की करंट वाढेल, वाढला की बंद करा. वर जाताना हे बरोबर आहे. टेबल शेल्फला धडकलं की करंट चढतो, मोटर थांबते, दोन सेंटीमीटर मागे येते. मीही तसंच केलं होतं. वर जाताना ४ अँपिअर, खाली येताना ३, आणि मर्यादा ठेवली ७. एके दिवशी खाली जायचं बटण दाबून मी स्वयंपाकघरात गेलो. खुर्चीचा उजवा हात टेबलाखाली राहिला होता. टेबल त्यावर टेकलं, आणि करंट वाढायच्या ऐवजी कमी झाला. नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं. खाली येताना मोटर वजन पेलत नसते, वजनाने दाबलेल्या आट्यातलं घर्षण सोडवत असते. खुर्चीने ते वजन स्वतःवर घेतलं, घर्षण कमी झालं, मोटरला उलट हलकं वाटलं. करंट चढेपर्यंत त्या बाजूचा सगळा भार खुर्चीवर गेलेला होता. तो चढला तेव्हा जोडशाफ्टचा ग्रब स्क्रू घसरला, कारण मी तो गोल शाफ्टवरच आवळला होता. उजवा पाय जागेवर, डावा खालीच चाललेला. मी आलो तेव्हा चहाचा ग्लास टेबलाच्या उतारावरून सावकाश, जणू विचार करत, कीबोर्डकडे निघाला होता.

टेबल पुन्हा सरळ करणं फार अवघड नाही. जोडशाफ्ट एका बाजूने सोडायचा, मागे राहिलेला पाय हाताने फिरवून लेव्हल लावून जुळवायचा, परत आवळायचा. अर्धा तास गेला. कीबोर्ड मात्र गेला तो गेलाच.

तेव्हापासून माझा नियम असा: वर जाताना एका दाबात ठरलेल्या उंचीला गेलं तरी चालेल. खाली येताना बटण दाबून धरलं असेल तोवरच टेबल हलेल, बोट उचललं की थांबेल. म्हणजे खाली येताना माणूस समोर उभा असणारच. तुम्हाला दोन्हीकडे आपोआप हवंय हे कळतं. काही जण टेबलाच्या फळीखाली एमपीयू६०५० सारखा कल मोजणारा सेन्सर लावून फळी कलतेय का ते बघतात, तो चांगला उपाय आहे. पण घरात लहान मूल असेल तर त्याच्यावरही भिस्त ठेवू नका.

म्हणून बांधणी दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात आर्डुइनो कपाटातच राहू द्या. बारा व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवरून बारा व्होल्ट डीसी देणारा डबा), गाडीतला १० अँपिअरचा पात्याचा फ्यूज, सोडलं की मधे येणारा सहा टोकांचा दुहेरी रॉकर स्विच, आणि वर एक खाली एक लिमिट स्विच, टेबल टोकाला आलं की दाबला जाऊन मोटर थांबवणारा. बस. लिमिट स्विच नेहमी जोडलेला असणारा, म्हणजे एनसी टोकावर लावा. वायर तुटली तरी टेबल थांबेल, सुसाट सुटणार नाही. प्रत्येक लिमिट स्विचला समांतर एक १० अँपिअरचा डायोड घाला, असा की स्विच उघडल्यावर पुढे जायचा करंट अडेल पण उलट दिशेचा वाहील. नाहीतर टेबल टोकाला जाऊन तिथेच अडकून बसेल. स्विचवर १६ अँपिअर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं ते एसीसाठी. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, त्यामुळे त्याच्या निम्म्याहून कमीच धरा. आणि लिमिट खऱ्या टोकाच्या एक सेंटीमीटर अलीकडे बसवा, मोटर थांबता थांबता थोडी पुढे जातेच.

असं टेबल आठवडाभर वापरा. कपलिंग सैल होतं का, गियर आवाज करतो का, मोटर किती तापते, हे या आठवड्यात कळेल. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचं समाधान इथेच होतं. माझ्या एका सहकाऱ्याचं टेबल दोन वर्षं रॉकर स्विचवरच चालू आहे आणि तो माझ्यापेक्षा सुखी आहे.

तरीही दुसरा टप्पा हवाच असेल तर लिमिट स्विच आणि डायोड आहेत तिथेच, मोटरच्या वायरमध्ये ठेवा. नॅनोने गोंधळ घातला तरी ते आपलं काम करतील. ड्रायव्हर बीटीएस७९६० चा घ्या. मॉड्यूलवर ४३ अँपिअर लिहितात, तेवढ्यावर जाऊ नका, पण आपल्या सहा-सातला तो निवांत पुरतो. त्याच्या दोन्ही एनेबल पिनांना (ज्या ड्रायव्हर चालू-बंद करतात) १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे, म्हणजे निगेटिव्हकडे लावा. नॅनो चालू किंवा रीसेट होत असताना तिच्या पिना अधांतरी असतात, तेवढ्या क्षणात मोटर झटका देऊ शकते. पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमी-जास्त करायला करंट भराभर चालू-बंद करणं, नेहमीच्या ४९० हर्ट्झवर ठेवलंत तर मोटर डासासारखी गुणगुणेल. ९ आणि १० नंबरच्या पिना वापरून, कोडमध्ये त्यांच्या टायमर १ ची सेटिंग बदलून २० किलोहर्ट्झ करा. सुरुवात अर्ध्या सेकंदात हळूहळू वाढवत न्या आणि तेवढा वेळ करंटच्या मर्यादेकडे दुर्लक्ष करा, नाहीतर प्रत्येक वेळी सुटतानाच ‘अडथळा’ म्हणून थांबेल.

उंची कळायला शाफ्टवर चार छोटे चुंबक आणि समोर ए३१४४ हॉल सेन्सर, जो चुंबक समोर आला की ओळखतो. फेऱ्याला चार टिचक्या, म्हणजे माझ्याकडे एका टिचकीला १ मिलिमीटर. मोटर बंद केल्यावरही अर्धा सेकंद मोजणी त्याच दिशेने चालू ठेवा, नाहीतर रोज दोन-दोन मिलिमीटर चोरीला जातील. उंची ईप्रॉममध्ये (नॅनोची, वीज गेली तरी टिकणारी मेमरी) थांबल्यावर एकदाच लिहा. एका जागेवर लाखभर वेळा लिहिता येतं. दिवसाला दहा वेळा धरलं तरी सत्तावीस वर्षं. हलताना दर मिलिमीटरला लिहीत बसलात तर महिनाभरात संपेल. मधेच लाइट गेली आणि मोजणी चुकली, तर बटण धरून खालच्या लिमिटपर्यंत या, तिथे शून्य.

नॅनो मधेच रीसेट होऊ लागली तर कोडमध्ये चूक शोधत रात्र घालवू नका. मोटर सुटताना व्होल्टेज बसतं, आणि ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट वायरमधून येतो. मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ड्रायव्हरच्या इनपुटला हजारभर मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर, मोटरच्या वायरी एकमेकींना पीळ घालून, आणि सेन्सरच्या वायरी त्यांच्यापासून लांब. मोटरला दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते. टेबल खाली-वर होताना ताणली जाणार नाही इतकी ढील सगळ्याच वायरींना द्या, मॉनिटरच्या केबललाही. ती विसरली जाते.

एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या टोकांवर झाकण हवंच, अर्थिंगची तिसरी वायर फ्रेमला जोडलेली हवी, आणि तो टेबलाच्या फळीखाली, पाय लागणार नाही अशा जागी. ड्रिलचं काम सगळं संपल्यावरच तो बसवा. लोखंडाचा कीस आत गेला तर पहिल्याच दिवशी दिवाळी.

हँडल फेकून देऊ नका. पावसाळ्यात पहिल्या वादळाला आपल्याकडे लाइट जाते, आणि टेबल नेमकं उभं राहायच्या उंचीला असतं. मी मोटरचं ब्रॅकेट दोन विंग नटांवर ठेवलंय. ते सैल केले की मोटर मागे सरकते, स्पायडर सुटतो आणि हँडल पुन्हा बसतं.

खर्चाचं म्हणाल तर मोटर, ड्रायव्हर, एसएमपीएस, टर्नरचं काम धरून माझे तीन हजारांच्या आत भागले, कीबोर्ड वेगळा. टेबल वॉरंटीत असेल तर ती गेली असं समजूनच ड्रिल लावा.

तुम्ही आता इतकंच करा. १० सेंटीमीटरला किती फेरे, काट्याचे दोन्ही आकडे आणि हँडलच्या दांड्याची लांबी लिहून पाठवा. हँडल जिथे बसतं त्या षटकोनाचा मोजपट्टी धरून काढलेला फोटोही टाका. वायपर मोटरच्या बॉडीवर बझर वाजतो का तेही. ते बघून कपलिंगचं माप काढून देतो; सातपूर किंवा अंबडला कुठल्याही लेथवर ते तासाभरात होईल. फक्त शनिवारी जाऊ नका, शनिवारी औद्योगिक वसाहतीत बरीच शटर खाली असतात.